पाहुण्यांचे कागद, यजमानाचं काम

वाचक विचारतात

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत वडोदऱ्यातल्या मराठी घरांत परदेशातली माणसं उतरत असतात. लग्नं, मुंजी, आजोबांची पंचाहत्तरी, सगळं त्याच थंडीत बसवलेलं असतं. म्हणून गेल्या अंकात मी लिहिलं होतं की येणाऱ्या पाहुण्यांच्या पासपोर्ट-व्हिसात काही अडत असेल तर कळवा. पत्रं आली ती बहुतेक आजी-आजोबांची. ज्यांना ते ‘पाहुणे’ म्हणतात ती त्यांचीच मुलं-नातवंडं आहेत, पासपोर्ट तेवढा आता दुसऱ्या देशाचा. रावपुऱ्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी बत्तीस वर्षं हेच फॉर्म भरले आणि माझं मत पक्कं झालं: पाहुण्याचे कागद बघणं हे यजमानाचंही काम आहे. फॉर्म तो तिकडे बसून भरतो, पण त्यात पत्ता आपला असतो, फोन आपला असतो, आणि तो विमानतळावर अडकला तर रात्रभर जागे आपण राहतो.

प्रश्न: मुलगा म्युनिकला असतो. तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलं आहे. डिसेंबरात इथे वैदिक पद्धतीने लग्न करायचं आहे. मुलगी, तिचे आईवडील आणि ८० वर्षांची आजी असे चौघं येतील आणि आमच्याच घरी राहतील. आजींचा पासपोर्ट मार्चपर्यंत चालतो. व्हिसा कोणता घ्यायचा?
— एक वाचक, दांडिया बाजार

ताई, आधी अभिनंदन. आणि लगेच आजींच्या पासपोर्टाचं बोलू, कारण तिथेच गाडं अडणार आहे. भारतात उतरण्याच्या दिवसापासून पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. डिसेंबरात येणाऱ्याला मार्चमध्ये संपणारा पासपोर्ट उपयोगाचा नाही. आजींनी आजच तिकडे नव्या पासपोर्टासाठी अर्ज करावा आणि तो हातात आल्यावरच व्हिसाचा फॉर्म भरावा. जुन्या पासपोर्टावर ई-व्हिसा (ऑनलाइन मिळणारा व्हिसा) काढून ठेवला आणि मागून पासपोर्टाचा नंबर बदलला, तर येताना जुना पासपोर्टही बरोबर बाळगावा लागतो, आणि एकदा भरलेली फी परत मिळत नाही.

व्हिसा ई-टुरिस्ट घ्या. नातेवाइकांना, मित्रांना भेटायला येणं त्यात बसतं. तो ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असतो. ३० दिवसांच्या व्हिसासाठी येण्याच्या आधीच्या ३० दिवसांतच अर्ज करता येतो, मोठ्या मुदतीच्या व्हिसासाठी १२० दिवस आधीपासून. ८० वर्षांच्या बाईंचं काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नये, म्हणून चौघांचाही एक वर्षाचा घ्यावा असं मी म्हणेन. तरीही ३० दिवसांचाच घेतला, तर एक लक्षात ठेवा. ई-व्हिसा मंजूर झाल्यावर येणाऱ्या परवानगीच्या कागदावर जी संपण्याची तारीख छापलेली असते, ती भारतात शिरण्याची शेवटची तारीख असते. राहण्याचे ३० दिवस उतरल्या दिवसापासून मोजतात. ती तारीख बघून घाबरलेले किती फोन मी घेतले आहेत!

फॉर्म भरायचा तो सरकारी साइटवरच, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना ते बघून. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

आता नावं. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर अगदी खाली दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या. प्रत्येक ओळीत ४४ जागा. विमानतळावरचं मशीन वाचतं ते तेवढंच. जर्मन नावांत काही अक्षरांवर दोन टिंबं असतात. वरच्या भागात ‘यू’वर दोन टिंबं देऊन छापलेलं आडनाव खालच्या ओळीत ‘यू’ आणि ‘ई’ अशा दोन अक्षरांनी येतं. फॉर्ममध्ये ती खालची ओळ बघून नाव भरा. मधलं नाव असेल तर तेही. मुलीच्या आईने सगळीकडे एकच नाव लावलं आणि पासपोर्टावर तीन असली, तर तिन्ही लिहायची.

फॉर्ममध्ये भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता, फोन विचारतात. ते तुमचं असेल. चौघांच्याही फॉर्मवर पत्ता एकसारखा हवा: एकाच्या फॉर्मवर ‘दांडिया बाजार’ आणि दुसऱ्याच्या फॉर्मवर सोसायटीचं नाव, असं नको. इंग्रजीत नीट टाइप करून मुलाला पाठवा आणि तो उतरवून घ्यायला सांगा. परवानगीचा कागद छापून हातातल्या बॅगेत ठेवायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना भारतात उतरण्यापूर्वीच्या ७२ तासांत ऑनलाइन अरायव्हल कार्डही भरावं लागतं. त्याला पैसे पडत नाहीत. आजींचं कार्ड मुलाने भरावं.

पाहुणे घरी उतरले की २४ तासांत तुम्ही परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. हॉटेलवाले ते आपणहून करतात, घरी मात्र ती जबाबदारी घरमालकाची. लोक त्याला अजून सी-फॉर्म म्हणतात. ऑनलाइन भरता येतो. पासपोर्टाचं पान, व्हिसाचा कागद आणि येण्याची तारीख हाताशी ठेवा. ग्रहमखाच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला आत्तापासून हेच काम नेमून द्या.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. कायद्याने लग्नाची नोंद इथे विशेष विवाह कायद्याखाली करायची असेल, तर दोघांपैकी एकाने नोटिशीआधी किमान ३० दिवस या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. मुलगा म्युनिकला राहतो, म्हणजे पंधरा दिवसांच्या सुट्टीत ते होणार नाही. नोंदणी जर्मनीत आधी उरकून इथे विधी करणं सोपं पडेल. तो दाखला जपून ठेवा. नोंदलेल्या लग्नाला दोन वर्षं झाली की सुनेला ओसीआयसाठी, म्हणजे भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय येता-जाता यावं म्हणून मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करता येतो, तेव्हा तोच लागेल.

प्रश्न: नऊ वर्षांचा नातू अमेरिकेचा नागरिक आहे. त्याचं ओसीआय कार्ड आहे, पण गेल्या महिन्यात पासपोर्ट नवा झाला आणि कार्डावर जुना नंबर आहे. नवं कार्ड काढायचं का? दिवाळीला येतो आहे.
— एक आजी, कारेलीबाग

नवं कार्ड काढायची गरज नाही. २०२१ मध्ये नियम सोपे झाले. वीस वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट जेव्हा जेव्हा बदलेल, तेव्हा तीन महिन्यांच्या आत नव्या पासपोर्टाची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या साइटवर चढवायचा. त्याला फी नाही. विसाव्या वर्षानंतर जो पहिला नवा पासपोर्ट निघेल, तेव्हा एकदाच कार्ड नवं करून घ्यायचं. जुना पासपोर्ट बरोबर बाळगायची सक्तीही त्याच वर्षी काढून टाकली.

तरी मी म्हणते, जुना पासपोर्ट बरोबर ठेवा. २०१४ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या भाचीची मुलगी आठ वर्षांची होती. माझ्या मेव्हण्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ती यायची होती. तेव्हा ओसीआयचा स्टिकर जुन्या पासपोर्टात चिकटवलेला असायचा आणि दोन्ही पासपोर्ट दाखवावे लागत. मी भाचीला फोनवर सांगितलं, ‘नवा पासपोर्ट विसरू नकोस.’ जुन्याचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. नेवार्कच्या विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवर पोरीला बाजूला घेतलं. जुना पासपोर्ट घरी खणात होता. तिचा बाप घरी जाऊन परत येईस्तोवर विमान गेलं. पुढचं तिकीट तीन दिवसांनी मिळालं. इथे दिव्यांची आरास झाली, मेव्हणे पाटावर बसले आणि दर पाच मिनिटांनी दरवाज्याकडे बघत होते. त्यानंतर जाताना-येताना दोन्ही पासपोर्ट एका रबरबँडने बांधून ठेवायला मी प्रत्येकाला सांगत आले. नियम बदलला, पण काउंटरवरच्या नव्या मुलाला तो माहीत असेलच असं नाही, आणि दुसरा पासपोर्ट बॅगेत ठेवायला कितीशी जागा लागते?

प्रश्न: पुतण्या नैरोबीत नोकरीला आहे. तो भारतीय पासपोर्टवर येतो, त्याची बायको केनियाची आहे. तिच्यासाठी पिवळ्या तापाचं इंजेक्शन लागतं असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, मांडवी

दोघांनाही लागतं. इथे पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, माणूस कुठून आला हे बघतात. पिवळ्या तापाच्या देशांत केनिया येतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेली लस कामाची नाही. दाखला म्हणजे ते पिवळं पुस्तक, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. जुन्या पुस्तकावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यायला नको. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. अगदी लहान बाळाला सूट आहे. पुस्तक पासपोर्टाच्या पिशवीतच असू दे, सामानाच्या बॅगेत नको.

प्रश्न: मुलाने यंदा कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. त्याचा भारतीय पासपोर्ट अजून तीन वर्षं चालू आहे. या खेपेला त्यावरच यायचं म्हणतो. चालेल ना?
— एक काका, वाघोडिया रोड

नाही, काका. तो पासपोर्ट चालू दिसतो, पण तुमचा मुलगा त्याचा धनी राहिलेला नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, आपल्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याच दिवशी भारताचं संपतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे आणि त्याचा डाग पुढे ओसीआयच्या अर्जावर पडतो.

तुमच्या मुलाला फसवायचं नसेल हे मला कळतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. निळी चोपडी टाकवत नाही, त्यात बारावीनंतरचा फोटो असतो, पत्ता आपल्या घराचा असतो. पण त्याने तो पासपोर्ट तिकडच्या भारतीय वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, तो कपाटात ठेवता येतो. मग ओसीआयचा अर्ज करावा. ते कार्ड येईपर्यंत कॅनडाच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा घेऊन यावं. या महिन्यात सगळं जमणार नसेल तर त्याला संक्रांतीला बोलवा, पण चुकीच्या पासपोर्टवर बोलावू नका.

प्रश्न: काठमांडूचा मित्र नवरात्रात गरबा बघायला यायचा आहे. त्याला व्हिसा?
— एक विद्यार्थी, प्रतापगंज

नेपाळच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही. काठमांडूहून थेट येत असेल तर पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र बरोबर असावं. दुसऱ्या देशातून येत असेल तर पासपोर्टच हवा.

प्रश्न: आमच्या वरच्या मजल्यावरची खोली युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या एका आफ्रिकी मुलाला द्यायची आहे. मुलगा चांगला आहे. पण शेजारी म्हणतात, पोलिसांचं लफडं होतं. काय करावं?
— एक वाचक, फतेगंज

खोली द्या. सयाजीराव विद्यापीठात परदेशी मुलं कितीतरी वर्षं शिकायला येतात आणि फतेगंजातल्या घरांनी त्यांना ठेवून घेतलं आहे. लफडं होतं ते कागद न केल्याने. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, पण घरात परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने कळवायचं हे तसंच राहिलं. वर जर्मन पाहुण्यांसाठी लिहिलं तोच फॉर्म, तेच २४ तास. कळवल्याची पावती छापून घ्या, एक प्रत मुलाला द्या. त्याचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत त्यालाही स्वतःची नोंदणी करावी लागते. ती झाली आहे का, ते विचारा. राहती जागा बदलली की तेही कळवायचं असतं. भाड्याच्या कराराची प्रत मागितली तर टाळाटाळ करू नका, त्याच्या नोंदणीला ती लागते. नव्या शहरात त्या मुलाला कोण सांगणार हे सगळं? तुम्हीच सांगा.

प्रश्न: मी ६८ वर्षांची आहे. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. लेकीकडे वर्षभर राहिलं तर चालेल का?
— एक वाचक, अलकापुरी

आता पाहुण्या तुम्ही, म्हणून उलट बाजूने सांगते. दहा वर्षं म्हणजे एवढ्या काळात तुम्ही त्यांच्या दारापर्यंत जाऊ शकता. आत किती दिवस राहायचं ते उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. भेटीला आलेल्यांना बहुतेक वेळा सहा महिने देतात. नेमकी तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, ती ऑनलाइन बघता येते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी लेकीला ती काढून फ्रिजवर चिकटवायला सांगा. त्या तारखेनंतर एक दिवसही राहिलात तर दहा वर्षांचा तो व्हिसा रद्द होतो. अधिकाऱ्याने विचारलं, ‘किती दिवस?’ तर परतीच्या तिकिटावर असेल तेच सांगायचं. नातवंडाला सांभाळायला आले असं म्हणू नका, असं काही जण शिकवतात. मी कुणाला खोटं शिकवलं नाही. लेकीला, नातवंडांना भेटायला आले, अमुक तारखेला परत जाते, एवढं खरं असेल तर तेवढंच पुरतं.

प्रश्न: मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, तिला आणि नातीला ओसीआय काढायचं आहे. घोटाळा माझ्या नावाचा आहे. मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव ‘कुसुमबेन’, तिच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर ‘सुनंदा’. फॉर्मवर आईचं नाव काय लिहायचं?
— एक वाचक, प्रतापनगर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ही वडोदऱ्याच्या मराठी बायकांची गोष्ट आहे, आणि माझ्या आईचीही. तुम्ही माहेरी कुसुम. लग्नात पानांनी सजवलेल्या ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात ‘सुनंदा’ लिहिलं, पेढे वाटले आणि नाव बदललं. कुठे नोंद नाही. पुढे मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातल्या गुजराती कारकुनाने विचारलं, ‘बेन, नाम?’ बाळंतिणीच्या तोंडून माहेरचं नाव निघालं आणि त्याने रिवाजाप्रमाणे मागे ‘बेन’ जोडलं. आपल्या पुरुषांच्या शाळेच्या दाखल्यांवर ‘भाई’ असंच चिकटलेलं असतं. त्या कारकुनाने मान दिला होता. अमेरिकेतला अधिकारी ती तीन वेगळी माणसं समजतो.

करायचं असं. मुलीने फॉर्मवर ‘सुनंदा’ लिहावं, म्हणजे तिच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर आहे तसं. ती भारतीय नागरिक होती याचा मुख्य पुरावा तोच पासपोर्ट आहे. तो आणि सरेंडर सर्टिफिकेट असताना जन्मदाखला आपणहून पुढे करायची गरज नाही. मागितला तर द्यायचा, आणि त्याबरोबर तुमचं प्रतिज्ञापत्र: कुसुम, कुसुमबेन आणि सुनंदा ही एकच व्यक्ती. नुसतं प्रतिज्ञापत्र लंगडं पडतं, त्याला टेकू म्हणून लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडा. तुमच्या काळात लग्नं नोंदवलेली नसायची. आताही कॉर्पोरेशनच्या कचेरीत चौकशी करून नोंदवता येतं का ते बघा. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि साक्षीदार म्हणून कुणी मोठं माणूस हाताशी असेल तर काम हलकं होतं. तुमचे मोठे दीर आहेत असं पत्रात आहे, त्यांना या महिन्यातच घेऊन जा.

नातीचं त्यामानाने सोपं. तिच्या अमेरिकी जन्मदाखल्यावर तिच्या आईचं नाव असेल, ते आईच्या पासपोर्टशी जुळलं की झालं. लग्नानंतर मुलीने आडनाव बदललं असेल तर तिचाही लग्नाचा दाखला लागेल, तो तिने आधीच काढून ठेवावा.

लग्नातल्या त्या तांदळाच्या ताटाचा फोटो असला तर त्याचीही एक प्रत मुलीला पाठवा. कचेरीत त्याला किंमत नाही, पण आजीची दोन नावं कशी झाली हे नातीला त्यात दिसेल.